तिसरा पिस्टन

दामिनी कुरखेड्याला वीज कंपनीत तंत्रज्ञ होती. खांबावर चढणाऱ्या बाया त्या भागात बोटावर मोजण्याइतक्या, त्यात ती एक. तिच्याबरोबरचे लोक फ्यूज बदलून लाइट आली की घरची वाट धरत. दामिनीला मात्र फ्यूज का गेला हे कळल्याशिवाय चैन पडत नसे. ती तारेखालून चालत जायची, खांब खांब बघायची. कधी बांबूची फांदी टेकलेली सापडे, कधी ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत मुंग्यांनी घर केलेलं. एकदा कारण डोळ्यांनी पाहिलं की तिला बरं वाटायचं, मग उशीर झाला तरी चालायचं.

तिचे वडील मनसाराम पळसटोल्याच्या मासेमार सोसायटीचे अध्यक्ष होते. गावाचा जुना मोठा तलाव सोसायटीकडे होता. दरवर्षी पावसाळ्यात नागभीडकडच्या एका बीज केंद्रातून मासोळ्यांची पिल्लं आणून त्यात सोडायची आणि उन्हाळ्याआधी मासे काढायचे, हा वर्षाचा क्रम. त्या ऑगस्टमध्ये नेहमीचा टेम्पो ऐन वेळी बंद पडला. दुसरी गाडी शोधण्यात आणखी आठवडा गेला असता, म्हणून दामिनीने रजा टाकली आणि आपली कार काढली. जुनी, पांढरी, डिझेलवर चालणारी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या हातची घेतलेली, पण तिने ती नव्यासारखी ठेवली होती.

मागची सीट पाडून त्यांनी पिशव्या रचल्या. जाड प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन फुगवून भरलेला, तोंड रबराने आवळलेलं. आत बोटाएवढी रोहू, कतला, मृगळची पिल्लं. मनसाराम पुढे बसले होते, पण सगळं लक्ष मागे. खड्डा आला की ते मान वळवून पिशव्या बघत आणि लेकीला काही न बोलता हाताने हळू चालव म्हणून सांगत.

वडसा ओलांडल्यावर मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली दिसली. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. रस्ता कधी मोकळा होईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. मनसारामांनी आतला रस्ता सुचवला. आंबेटोल्यावरून जाणारा, जंगलातला. तरुणपणी ते सायकलवर सुकी मासळी घेऊन त्याच रस्त्याने गावोगाव फिरले होते.

आंबेटोल्याच्या अलीकडे नाला होता आणि नाल्यावर रपटा. पूल नव्हे, नाल्याच्या तळालाच टाकलेला सिमेंटचा सपाट रस्ता. रात्री वरच्या जंगलात पाऊस झाला होता. रपटा दिसत नव्हता, त्याच्यावरून लालसर पाणी वाहत होतं.

दामिनीने गाडी थांबवली. दोघं उतरली. काठच्या दगडावर ओल्या पाल्याची रेघ लागली होती आणि पाणी त्या रेघेच्या बरंच खाली होतं, म्हणजे ओसरत होतं. थांबायचं ठरलं. तेवढ्यात ढग फाटले आणि ऊन पडलं. काचा उघड्या ठेवूनही गाडीत वाफ धरल्यासारखं झालं. मनसारामांनी एका पिशवीला हात लावला. ती कोमट झाली होती. आतली पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती.

समोरून एक प्रवासी जीप आली. ड्रायव्हर पाण्याशी न थांबता सरळ आत घुसला आणि अलीकडे निघून गेला. पाणी जीपच्या टायरच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं.

मनसारामांनी धोतर वर खोचलं, काठी घेतली आणि रपट्यावर मधल्यापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा गुडघ्याच्या थोडं खालपर्यंतच ओले झाले होते.

"चाल," ते म्हणाले. "खाली सिमेंट आहे. हा रपटा मले मालूम आहे. इथी थांबलो तं पिल्लं जातीन."

दामिनी नको म्हणाली. पण वडिलांनी पाण्याचा अंदाज घ्यावा आणि तो चुकावा असं तिने लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. तिने पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूच पाण्यात घातली. निम्म्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग डावं पुढचं चाक एकदम खाली गेलं. गाडीने नाक खुपसल्यासारखं केलं, बोनेटवर पाणी चढलं, आणि इंजिनातून ठाक असा एकच आवाज येऊन सगळं शांत झालं. फक्त पाण्याचा आवाज उरला.

तिचा हात आपोआप चावीवर गेला. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा तिने फिरवली नाही. फ्यूज दोनदा उडाला की तिसरा टाकायचा नसतो, हे कामावर अंगात भिनलेलं होतं.

दाराखालून पाणी आत येऊ लागलं. पायाशी गार लागलं. मनसारामांनी खिडकीतून अंग बाहेर काढून पलीकडच्या धानाच्या बांधीकडे, शेताकडे हाक दिली. तिथे रोवणी चालू होती. बाया ओळीने वाकल्या होत्या आणि एक ट्रॅक्टर चिखल करत होता. ट्रॅक्टरवरचा माणूस हेमराज, आंबेटोल्याचाच. त्याने कारकडे एक नजर टाकली, ट्रॅक्टर रपट्यावर आणला, दोर बांधला आणि गाडी पलीकडच्या काठावर ओढून घेतली. हे सगळं त्याने जवळजवळ न बोलता केलं. असं त्याला पूर्वीही करावं लागलं असणार, असं दामिनीला वाटलं.

गाडी काठावर आली, पण चालू होणार नव्हती. पुढे पळसटोल्यापर्यंत आणखी एक नाला होता आणि हेमराजच्या म्हणण्याप्रमाणे तो तर अजून कमरेइतका होता. मनसाराम मागचं दार उघडून पिशव्या एकेक करून झाडाच्या सावलीत ठेवू लागले. दोन पिशव्यांतली पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. बाकीची जिवंत होती, पण सुस्तावलेली.

रोवणीतल्या बाया वर आल्या होत्या. त्यांच्यात बायनाबाई नावाची, पन्नाशीची, हातापायांना चिखल लागलेली बाई होती. तिने पिशव्या पाहिल्या, पिल्लं पाहिली आणि हात झाडाच्या मागे केला. तिकडे त्यांच्या गावाचा तलाव होता. आंबेटोल्याच्या बायांच्या बचत गटाने त्या वर्षी तो पहिल्यांदाच ठेक्याने घेतला होता. पण बीज कुठून आणायचं, कसं आणायचं हे ठरेपर्यंत पाऊस अर्धा निघून गेला आणि तलाव तसाच राहिला. बायनाबाईंनी हे सांगितलं आणि पुढे काही मागितलं नाही.

मनसाराम बराच वेळ पिशव्यांकडे बघत उभे होते. बीज सोसायटीचं होतं. ते दुसऱ्या गावाच्या तलावात सोडायचं, तर घरी जाऊन सगळ्यांना तोंड द्यावं लागणार होतं.  हा निर्णय दामिनीचा नव्हता.

शेवटी ते बायनाबाईंना म्हणाले, "मरण्यापरीस वाढलेली बरी. चाला, तुमचा तलाव दाखवा."

बायांनी पिशव्या डोक्यावर घेतल्या. मनसाराम तलावात छातीपर्यंत उतरले. पिशव्या लगेच फोडायच्या नव्हत्या. त्यांनी त्या बंदच पाण्यावर तरंगत ठेवायला लावल्या. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं गार झालं की मग तोंड सोडायचं, थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं, आणि पिल्लांना आपणहून निघू द्यायचं. बायनाबाई त्यांच्या शेजारी पाण्यात उभ्या राहून हे बघत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या. असं का, तसं केलं तर काय होईल, मरळ यांना खाईल का. मनसाराम प्रत्येक प्रश्नाला सावकाश उत्तर देत होते. पिल्लं पिशवीच्या तोंडाशी क्षणभर अडखळायची आणि मग गढूळ पाण्यात दिसेनाशी व्हायची.

पुढचा नाला ओसरल्यावर दोघं घरी पोहोचली, आणि पळसटोल्यात त्या संध्याकाळी बोलणं व्हायचं ते झालं. सोसायटीतले काही लोक चिडले, काहींनी नशीब म्हणून सोडून दिलं. टेम्पो दुरुस्त झाल्यावर पुन्हा बीज आणायचं ठरलं. इंदिराबाईंनी, दामिनीच्या आईने, नवऱ्याला आणि लेकीला एकाच वेळी जेवायला वाढलं आणि पाण्यात गाडी घालायचं कुणाला सुचलं एवढंच विचारलं.  दामिनीला चावीचा तो टक् आवाज आठवत होता. मनसारामांच्या मनात काय होतं ते तिला तेव्हा कळलं नाही.

पाणी उतरल्यावर हेमराजने गाडी ट्रॅक्टरला बांधून वडशाच्या गॅरेजपर्यंत आणून दिली. गॅरेज नागसेनभाऊंचं. त्यांनी बरीच वर्षं घुग्घुसला कोळशाच्या खाणीवर डंपर दुरुस्त केले होते आणि आता गावाकडे येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. बोलायला मोकळा माणूस. वर्षावासाचे दिवस होते, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असे, म्हणून काम कितीही असलं तरी ते वेळेवर हात धुऊन शटर ओढत. त्याआधी मात्र ते इंजिनाजवळून हलत नसत.

त्यांनी दामिनीला पहिला प्रश्न तोच विचारला. पाण्यात बंद पडल्यावर चावी किती वेळा फिरवली?

दोनदा, तिने सांगितलं.

नागसेनभाऊंनी मान हलवली. तिथेच झालं, म्हणाले. पाणी आत गेलेलं असतं, वरून लोक चावी फिरवतात आणि इंजिनाचा सत्यानाश होतो. पावसाळ्यात अशा चार-पाच गाड्या येतातच.

दामिनीने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, ते खोलून पाहता येईन का? चावीनंच झालं का आधी झालं, ते समजन का?"

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. आजवर लोकांनी त्यांना किती दिवस लागतील, हे विचारलं होतं. केव्हा झालं हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनाही ते तसं कधी शोधावंसं वाटलं नव्हतं. खोलायचं तर आहेच, ते म्हणाले, या तुम्ही, बघू.

पुढच्या रविवारी दामिनी आली, आणि सोबत मनसारामही आले. कशाला येता, असं तिने विचारलं होतं. त्यांनी सहज, असं उत्तर दिलं होतं.

नागसेनभाऊंनी आधी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. इंजिनाला हवा लागते, ती या डब्यातून गाळून जाते, हे त्यांनी मनसारामांना समजावलं. फिल्टरचा कागद चिखलाने भिजून आंबाडीच्या भिजवलेल्या सालीसारखा झाला होता. त्यांनी तो बाहेर काढला आणि डब्याच्या तळाशी बोट घालून काहीतरी उचललं. लहानशी, चपटी, वाळलेली मासोळी.

"हे तुमच्या पिशवीतली का?" त्यांनी विचारलं.

मनसारामांनी ती तळहातावर घेतली, उजेडात धरली. पिशव्या तर बंद होत्या, एकही फुटली नव्हती. त्यांनी तिचे खवले, शेपटी बघितली.

"नाई," ते म्हणाले. "हे दाडक आहे. नाल्यातली."

म्हणजे नाल्याचं पाणी नुसतं उडून आलं नव्हतं, मासोळी वाहत येईल इतकं भरभरून आत शिरलं होतं. पण हवा आत घेणाऱ्या नळीचं तोंड कुठे होतं? दामिनी वाकून ते शोधू लागली. ते पुढच्या जाळीमागे, हेडलाइटच्या उंचीवर होतं. तिने हाताने रपट्यावरचं पाणी दाखवलं, टायरच्या अर्ध्यापर्यंत. मग नळीचं तोंड दाखवलं. मध्ये वीतभरापेक्षा जास्त अंतर होतं. पाणी इतकं वर आलं कसं, हे तिघांनाही सांगता येईना. तो प्रश्न तिथेच राहिला.

नागसेनभाऊंनी डिझेल फवारणारे इंजेक्टर काढले आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगून इंजिन हाताने फिरवलं. भोकांमधून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या, लाल आणि मातकट. मग त्यांनी इंजिनाचं वरचं डोकं उतरवलं. चार गोल सिलिंडर उघडे झाले, प्रत्येकात एक पिस्टन.

मनसाराम जवळ येऊन आत बघत होते. त्यांनी आयुष्यभर टेम्पोत, एसटीत बसून प्रवास केला होता, पण आत काय हलतं ते कधी पाहिलं नव्हतं. नागसेनभाऊंनी एक मोठा पाना खालच्या नटाला लावला आणि तो त्यांच्या हातात दिला.

"फिरवा, भाऊ. हळू."

मनसारामांनी पाना फिरवला. पहिला आणि चौथा पिस्टन वर आले, मधले दोन खाली गेले. आणखी फिरवल्यावर मधले वर आले. धान कांडायच्या ढेकीवर दोन बाया आळीपाळीने पाय देतात तसे. ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिले, त्यांना ते बघतच राहावंसं वाटत होतं. दामिनी मात्र खाली वाकून पिस्टन कुठपर्यंत वर येतात ते बघत होती. पहिला, चौथा आणि दुसरा सिलिंडरच्या काठाला येऊन भिडत होते. दुसऱ्याबरोबर वर येणारा तिसरा काठाच्या थोडा खालीच थांबत होता.

तिने तिथे नख लावून दाखवलं. "हा पुरा नाई येऊन राह्यला."

नागसेनभाऊंनी पट्टी आडवी ठेवून बघितलं आणि मान डोलावली. पिस्टनला खालून धरणारा दांडा असतो, कनेक्टिंग रॉड. तो वाकला की त्याची उंची कमी होते आणि पिस्टन तेवढा खाली राहतो. डिझेलच्या इंजिनात पिस्टन हवेला एवढ्याशा जागेत कोंबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. पाण्याला जागा नसली की दांड्यालाच वाकावं लागतं. मनसारामांना हे लगेच पटलं. उंचावरून पाण्यात पोट आपटून पडलेल्या माणसाला पाणी किती टणक असतं ते ठाऊक असतं, एवढंच ते म्हणाले.

दुपारनंतर तिसरा दांडा बाहेर निघाला. तो धनुकलीसारखा वाकला होता, डोळ्याला सहज दिसेल इतका. पोलादाची एवढी जाड वस्तू. दामिनीने ती हातात घेऊन पाहिली. मग तिने आपला प्रश्न परत विचारला. हा इंजिन चालू असताना वाकला, का मी चावी फिरवली तेव्हा?

 नागसेनभाऊ उठून भंगाराच्या ढिगात गेले आणि शोधून शोधून तसलाच आणखी एक दांडा घेऊन आले. मागच्या पावसाळ्यातला. ती गाडी घरासमोर उभी होती, रात्रीतून पाणी भरलं, आणि सकाळी मालकाने काही न बघता चावी फिरवली. म्हणजे तो नुसत्या चावीने वाकलेला. त्यांनी तो काचेच्या तुकड्यावर ठेवला. नुसत्या डोळ्यांनी तो सरळच वाटत होता. काचेवर हलवला तेव्हा एका बाजूने जरासा उचलला जायचा. मग त्यांनी दामिनीच्या गाडीचा दांडा शेजारी ठेवला.

दोन्हींकडे बघत ते म्हणाले, "स्टार्टरच्या मोटरीत एवढी ताकत नसते, ताई. हा धावत्या इंजिनानं वाकवला. मी तुमाले त्या दिवशी उगाच बोललो."

ते कुरबुर न करता म्हणाले, उलट त्यांना त्यात मजा वाटत होती. काच त्यांनी नंतर भिंतीशी नीट उभी करून ठेवली, पुढच्या वेळेस कामाला येईल म्हणून. चावी फिरवणं चुकीचंच, हेही त्यांनी सांगितलं. पण या गाडीचं जे व्हायचं होतं ते त्या आधीच, त्या ठाक आवाजात होऊन गेलं होतं.

दामिनीच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. तिने वडिलांकडे बघितलं तर ते पाना हातात धरून खाली बघत उभे होते.

"मंग ते माया बोलण्यानं झालं," मनसाराम म्हणाले. "तू नाई म्हणत होतीस. मीच चाल म्हणलो."

आता तिला कळलं की ते तिच्यामागे गॅरेजमध्ये का आले होते. तिला जे जाणून घ्यायचं होतं तेच त्यांनाही जाणून घ्यायचं होतं, फक्त उलट्या बाजूने. इतके दिवस दोघंही एकाच घरात आपापला दोष सांभाळत बसली होती.

तिने त्यांचं सांत्वन केलं नाही. तिला ते जमतही नसे. ती नळीच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, तुमी पाणी गुडघ्याखाली सांगतलं. तेवढंच होतं, जीप तेवढ्यातूनच गेली. मंग ते इथपर्यंत चढलं कसं? ते पाह्याचं राह्यलं आहे."

दांडा आणि बाकीचं सामान नागपूरहून यायला वेळ लागला. गाडी सुरू झाली तोपर्यंत धान पिकायला आला होता. इंजिनाचा आवाज पहिल्यापेक्षा जरा भरडा वाटायचा. नागसेनभाऊ म्हणाले, बसेल हळूहळू, आणि तो बसला.

दिवाळीनंतरच्या एका सुटीत दोघं आंबेटोल्याच्या रपट्यावर आली. या वेळी गाडी दूर, काठावर ठेवली. नाल्यात पाणी घोट्याएवढं, स्वच्छ. तळाचे गोटे मोजता येतील असं. रपटा या काठापासून त्या काठापर्यंत उघडा पडला होता.

मध्यावर, वाहत्या पाण्याच्या खालच्या बाजूला, सिमेंटचा एक मोठा तुकडा तुटून खाली बसला होता. त्याच्या पोटातली गिट्टी पाण्याने ओढून नेली होती. खाटेएवढा लांब खड्डा, त्यात हिरवट पाणी साठलेलं. मनसाराम त्यात उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं.

ते तिथेच उभे राहून वर-खाली बघू लागले. दामिनी काठावर उकिडवी बसली. त्या दिवशी ते कुठून चालले होते, हे तिने विचारलं. त्यांनी वरच्या बाजूकडे हात केला. धारेत चालणारा माणूस वरच्या अंगानेच चालतो, म्हणजे पाय निसटला तरी खाली रपट्याचा आधार राहतो. तिकडे सिमेंट अजूनही धड होतं. जीपसुद्धा तिकडूनच आली होती. दामिनीने मात्र गाडी वरच्या कडेपासून सांभाळून, रस्त्याच्या मधोमध ठेवली होती. तिचं डावं चाक बरोबर इथे येणार. चाक खड्ड्यात गेलं, गाडीचं नाक खाली झुकलं, आणि हेडलाइटच्या उंचीवरचं तोंड सरळ पाण्याखाली गेलं. पाणी वर चढलंच नव्हतं. गाडीच खाली गेली होती.

तेवढ्यात हेमराज बैलांना पाणी पाजायला आला. त्याला विचारल्यावर तो म्हणाला की हे तर गावात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीच्या पुराने खालची गिट्टी खाल्ली, आणि यंदा पावसाळा लागल्यावर वरचा तुकडा बसला. जीपवाले वरून काढतात. बाहेरच्यांची गाडी अडकली की मग ट्रॅक्टर आणायचा.

दामिनीला विचारावंसं वाटलं की कुणी तिथे एखादी काठी रोवून का ठेवली नाही. पण त्या दिवशी याच माणसाने त्यांना ओढून काढलं होतं. 

"मी पाणी पाह्यलो," मनसाराम खड्ड्यातून म्हणाले. "पाणी बरोबर होतं. पण रस्ता मी तीस वर्षांआधीचा धरून बसलो होतो."

आणि ते हसले. दामिनीने त्यांना त्या पावसापासून हसताना पाहिलं नव्हतं.

ते बाहेर आले, हेमराजला सोबत घेऊन जंगलाच्या कडेने गेले आणि बांबू तोडून आणले. खड्ड्याच्या भोवती ते रोवून त्यांनी हेमराजच्या खांद्यावरच्या लाल दुपट्ट्याची पट्टी फाडून बांधली. दामिनीने फोनवर फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला बांधकाम कार्यालयात जाऊन दिले. तिथल्या माणसाने ते ठेवून घेतले.

त्या दिवशी बांबू रोवून झाल्यावर दोघं आंबेटोल्याच्या तलावावर गेली. बायनाबाई बांधावर गवत कापत होत्या. त्यांनी आधी दोघांना घरी नेऊन चहा दिला, दामिनीच्या नोकरीची चौकशी केली, मग तलावाचा विषय काढला. गटातल्या बायांनी पिल्लं सोडल्यापासून तलाव सांभाळला होता. पाण्यात जनावरं उतरू दिली नव्हती. मासोळ्या वाढल्या की नाही हे मात्र त्यांना कळत नव्हतं. वर कधी कधी पाणी हलतं, एवढंच दिसतं.

मनसारामांनी गाडीतून आपलं फेकजाळं आणलं. ते उथळ पाण्यात गेले, जाळं हातावर घेतलं आणि फेकलं. ते पाण्यावर गोल उघडलं आणि बुडालं. ओढलं तेव्हा त्यात चार रोहू आणि एक कतला होता. रोहू हाताच्या पंजापेक्षा मोठे, पाठ काळसर, पोट लाल झाक मारणारं. पळसटोल्यातही एवढ्या दिवसांत एवढे वाढत नसत. बायनाबाईंनी एक रोहू दोन्ही हातांत धरला, वजन अजमावलं आणि परत पाण्यात सोडला.

मग बांधावर बसून बोलणं झालं. मासे काढायचे तेव्हा पळसटोल्याच्या लोकांनी जाळी घेऊन यायचं, अर्धे त्यांचे, अर्धे बचत गटाचे. हे बायनाबाईंनीच सुचवलं आणि मनसारामांनी ते मान्य केलं. पण बायनाबाईंचं एवढ्यावर समाधान नव्हतं. जाळं टाकायला त्यांच्या बायांनाही यायला पाहिजे, दरवेळी दुसऱ्या गावाकडे बघत बसायचं नाही, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडे बाया जाळं टाकत नाहीत, मनसाराम म्हणाले. बायनाबाईंनी दामिनीकडे बघून विचारलं, विजेच्या खांबावर तरी बाया कुठे चढत होत्या? मनसारामांनी यावर थोडा विचार केला आणि जाळं त्यांच्या हातात दिलं. ते कोपरावर कसं घ्यायचं, अर्धा घेर खांद्यावर आणि कडेचा एक मणी बोटांत कसा धरायचा, हे ते दाखवू लागले.

पहिल्यांदा ते पाण्यावर गोळा होऊन पडलं. दुसऱ्यांदाही. गटातल्या आणखी बाया येऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला एकदा टाकून बघायचं होतं. उन्हं कलली तरी मनसाराम पाण्यातून निघेनात. दामिनीने आईला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं.

माघ महिन्यात दोन्ही गावांनी मिळून आंबेटोल्याच्या तलावातले मासे काढले. पळसटोल्याच्या तलावातली दुसऱ्या खेपेची पिल्लं उशिरा पडल्यामुळे तेव्हा लहानच होती, म्हणून त्या वर्षी सोसायटीला बाजारात न्यायला आधी आंबेटोल्याचेच मासे मिळाले. चिडलेले लोक त्या दिवशी जाळी ओढायला सगळ्यांत पुढे होते. पुढच्या पावसाळ्यासाठी दोन्ही गावांनी एकच टेम्पो ठरवला. रपट्यावरच्या खड्ड्यात बांधकाम खात्याने गिट्टी टाकली आहे. सिमेंट अजून झालेलं नाही.